वर चढणारं कूलंट

सासऱ्यांची जुनी गाडी बाईंकडे आली तेव्हापासून तिच्यातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, कमी व्हायचं सोडून वाढतच चाललं होतं. मेकॅनिकला आधी हसूच आलं.

"ताई, ते गळतं, आटतं. वाढायला ते काय दूध आहे?"

पण टाकीचं झाकण उघडताच त्याचं हसू मावळलं. पाणी बुळबुळीत झालं होतं. त्याने आत बुडवलेलं बोट वर काढलं, तशी त्याला लांबलचक तार लोंबली. काही केल्या तुटेना.

"आणि कोमट आहे हो," तो म्हणाला. इंजिन तर कालपासून बंद होतं.

बाई एक पाऊल मागे सरकल्या. "तेल मिसळलं असेल का?"

"तेलाला असा वास नसतो."

झोपेतून उठल्यावर तोंडाला येतो, तसला तो वास होता. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

त्याने ती सगळी घाण काढून टाकली, टाकी घासून धुतली आणि खुणेपर्यंत नवं कूलंट भरलं. मग झाकण लावायला हात पुढे नेला, तशी पातळी बोटभर चढली. त्याने दचकून हात मागे घेतला. ती उतरली. पुन्हा नेला, पुन्हा चढली.

"तुम्हीच बघा," तो बाजूला होत म्हणाला.

बाई किळस आवरत खाली वाकल्या. टाकी काठोकाठ भरली, काठावरून एक चिकट तार ओघळली, आणि आत खोलवर कुणीतरी आवंढा गिळला.