तारांची घरघर

"आली बघा परत," धम्मप्रिया काचेपलीकडून म्हणाली.

धर्मपालने हेडफोन कानांवर दाबला. घरघर होतीच. बारीक, पण चिवट.

"डावा हात तारांवर ठेव."

तिने ठेवला. घरघर गप झाली, मशीनच्या पडद्यावरची तिची जाड रेघही बारीक झाली.

"आता उचल."

पुन्हा सुरू.

"जादू हाय व्हय काका?"

"जादू कसली डोंबलाची! आजूबाजूला वीज हाय, तिची घरघर ही इलेक्ट्रिक गिटार पकडती. तारा अर्थिंगला जोडल्यात. त्यांना जित्या माणसाचा हात लागला की आवाज बंद. कापड टाकून बघितलंय, लाकूड ठेवून बघितलंय, फरक पडत न्हाय. हातच लागतो."

धर्मपालचा स्टुडिओ बुधवार पेठेत, एका बंद पडलेल्या माग-कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर डागी निघालेल्या चादरी ठोकल्या होत्या. दाराजवळ बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती आणि कुणी भुताखेताचं नाव काढलं की तो बोलायच्या आधी तिच्याकडे बोट करायचा.

त्याच्या मागे खुर्चीत मीनाबाई बसल्या होत्या, धम्मप्रियाची आई. गिटार त्यांच्या नवऱ्याची. नवनाथ कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता आणि सुट्टीचा दिवस इथे काढायचा. भीमजयंतीसाठी त्याने फंकच्या विलायती ठेक्यावर गाणं बसवलं, तेव्हा अख्खी पेठ हसली होती. गाणं बाकी सगळं भरून झालं, फक्त त्याची ऱ्हिदम गिटार राहिली. दोन महिन्यांपूर्वी तो झोपेतच गेला.

तेव्हापासून मीनाबाई रोज नवऱ्याचंही ताट वाढत होत्या. तिन्हीसांजेला गिटार आपोआप वाजते म्हणायच्या. धर्मपालने समजावून पाहिलं, उन्हाने तारा सैल पडतात, रस्त्यावरून ट्रक गेला की थरथरतात. त्या ऐकून घ्यायच्या आणि रात्री पुन्हा नवनाथचं ताट मांडायच्या. सोमवारी धम्मप्रियाला पुण्याच्या दवाखान्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं. आई अशीच राहिली तर ती जाणार नव्हती. नर्सिंगची तीन वर्षं पाण्यात गेली असती. म्हणून धर्मपालने दोघींना गिटारीसकट बोलावलं होतं. पोरीने गाणं पुरं करावं आणि वहिनींच्या मनातलं भूत एकदाचं उतरावं, एवढंच त्याला हवं होतं.

"चल, घे."

तिने वाजवलं. सूर लांबले, एकात एक मिसळले.

"दाबून धरू नको. वाजलं की बोटं ढिली सोड, पण तारांवरनं उचलू नको. आणि मनगट कसं? भाकरी थापताना असतं तसं सुटं."

"काका, मला भाकरी येत न्हाय."

मीनाबाई दोन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. धर्मपालला भरून आलं. त्याने उगीचच एक बटण फिरवलं, खर्ज कमी केला.

सातव्या वेळी ती चुकली. दहाव्या वेळी हात जड पडला.

"तुझा बाप काय करायचा म्हाईत हाय का? सुरू करायच्या आधी पंजा तारांवर सपाट ठेवायचा, मनात चार मोजायचा आणि मग सुटायचा. त्याची कुठलीबी टेप काढ, आधी चार मोजेपर्यंत चिडीचूप."

"मला न्हाय जमत थांबायला," असं म्हणून ती थेट सुटली. आणि यावेळी जमलं. चिक, चिक-चिक, कोरडं, स्वच्छ, एकेक ठोका सुटा. गाणं संपलं तेव्हा धर्मपालच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने ते लपवलं नाही.

"झालं! ठेव गिटार. वायर काढू नको, ये बाहेर."

तिने गिटार स्टँडवर ठेवली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आता त्याला शेवटचं काम करायचं होतं. त्याने हेडफोन मीनाबाईंच्या कानांवर चढवला.

"ऐका वहिनी. गिटार एकटी हाय. घरघर येती न्हवं?"

"येतीया."

"मघाशी तुमीच बघितलं, हात लागला की थांबती. आता येतीया, म्हंजे हात न्हाय. घरीबी असंच हाय. कुणी न्हाय वहिनी. नवनाथ गेला."

मीनाबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्या ती घरघर ऐकत राहिल्या. गालांवरून पाणी ओघळलं.

"व्हय भाऊजी," त्या शेवटी म्हणाल्या. "न्हाईत ते. आजपास्नं त्यांचं ताट न्हाय मांडणार. प्रिये, तू जा सोमवारी."

धम्मप्रियाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. धर्मपालने सुटकेचा श्वास टाकला. पोरीचं मार्गी लागलं, गाणं झालं, आणि अंधश्रद्धेवर विज्ञानाने मात केली. आता तिघांनी कोपऱ्यावरचा चहा घ्यावा, असं त्याच्या मनात आलं.

"भाऊजी," मीनाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "थांबली की ओ."

"काय थांबली?"

त्यांनी हेडफोन काढून त्याच्या हातात दिला.

धर्मपालने तो कानाला लावला. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. मशीनचे दिवे लागलेले होते. काचेपलीकडे वायर गिटारीत जशीच्या तशी होती. पडद्यावरची घरघरीची जाड, केसाळ रेघ एकदम बारीक आणि सरळ झाली होती. दाराच्या अलीकडे ते तिघंच होते. पलीकडे स्टँडवर गिटार होती, आणि दुसरं कुणी नव्हतं.

त्याच्या नकळत त्याचे ओठ हलू लागले.

एक. दोन. तीन.