गिऱ्हाईकाचा मिक्सर

नारळ खवून झाला, तेव्हा कुठे मेकॅनिकने घरचा मिक्सर दुरुस्तीला घेतला. अख्ख्या वस्तीचे मिक्सर त्याच्या हाताखालून गेले होते आणि हा एकटा वर्षानुवर्षं खडखडत होता. भांडं ज्या दातेरी रबरी तुकड्यावर बसतं, तो कपलर पार झिजलेला. मिक्सर सुरू केला की भांडं थयथयाट करायचं आणि बायको झाकण दाबून धरून उभी राहायची. "जगाचे मिक्सर दुरुस्त करा तुम्ही," म्हणायची. तो "उद्या करतो" म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नव्हता.

आता ती आतल्या खोलीत पडून होती. कालपासून पोटात पाण्यापलीकडे काही नाही. दुधाच्या नुसत्या वासानेही तिला उमळून यायचं. "नारळाच्या दुधात फळं फिरवून द्या, जाईल तेवढं," डॉक्टर म्हणाले होते. मग त्याला एकट्याला बाजूला घेऊन त्यांनी उरलेलं सांगितलं. आता फार दिवस नाहीत. बायकोला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याचं आणि लेकीचं ठरलं. लेक सकाळी आंबे आणि केळी दारातूनच देऊन गेली. लेकीच्या पोटात गुपित राहत नाही, चेहराच सगळं बोलून टाकतो.

डॉक्टरांकडून आल्यापासून त्याचे हात स्वस्थ बसत नव्हते. गळका नळ झाला, कपाटाची बिजागरी झाली, पंखा कुरकुरायचा थांबला. आज त्याने दुकानातून नवा कपलर आणला होता. जुना काढून ओट्याच्या कोपऱ्यात टाकला, नवा बसवला, भांड्यात खवलेला नारळ आणि कोमट पाणी घातलं आणि बटण फिरवलं.

मिक्सर नुसता गुणगुणला. भांडं जागचं हललं नाही. झाकणावर हात ठेवायचीही गरज नव्हती, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. एवढंसं काम होतं. एवढ्याशा कामासाठी त्याने तिला इतकी वर्षं झाकण धरायला लावलं होतं. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

त्याने मिक्सर थांबवला आणि फडक्यातून नारळाचं दूध पिळून घेतलं. तेवढ्यात आतून हाक आली.

"अहो, हा कुणाचा मिक्सर?"

तो हात पुसत दारात गेला. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, पण कान स्वयंपाकघरात होते.

"गिऱ्हाईकाचा," त्याच्या तोंडून निघून गेलं. "चालतो का बघत होतो."

"गिऱ्हाईकाच्या मिक्सरमध्ये माझा नारळ?"

"काहीतरी घातल्याशिवाय कळणार कसं?"

ती या कुशीवर वळली. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते आणायलाही तिला कष्ट पडले होते. "मला वाटलं, आपला दुरुस्त केलात. नळ झाला, पंखा झाला. म्हटलं, मिक्सरचीही पाळी आली म्हणजे आता माझं काही खरं नाही."

"भलतंच काहीतरी," तो म्हणाला. "अशक्तपणा आहे नुसता. पोटात चार घोट गेले की उठशील."

"मग आपल्या मिक्सरमध्ये करा. लोकांची वस्तू बिघडवाल."

तो स्वयंपाकघरात परतला. आंब्याचा गर काढला, केळ्याच्या चकत्या केल्या, नारळाचं दूध ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं. भांडं मोटरवर ठेवता ठेवता त्याचा हात थांबला. त्याने भांडं बाजूला ठेवलं, नवा कपलर काढून खिशात टाकला आणि कोपऱ्यातला झिजलेला तुकडा उचलून पुन्हा बसवला. चांगली चालती वस्तू हातानं बिघडवायची वेळ त्याच्या धंद्यात कधी आली नव्हती.

बटण फिरवताच घर दणाणलं. भांडं नाचू लागलं, ओट्यावरचे चमचे थरथरले.

"झाकण दाबून धरा," आतून आवाज आला. "नाहीतर सगळं छताला."

त्याने दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. शेक केव्हाच झाला होता, तरी त्याने मिक्सर बंद केला नाही. तेवढ्या खडखडाटात माणूस रडला तरी पलीकडे ऐकू जात नाही. मग तोंडावर पाणी मारून, शेक गाळून, पेला घेऊन तो आत गेला.

तिला उशीला टेकवून बसवलं. तिने एक घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला. तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला. घोट खाली उतरत होते. अर्धा पेला संपला, तेव्हा तिने त्याच्या लाल डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

"यात कांदा घातलात की काय?"

"नाही गं."

"बरा झालाय." उरलेला शेक तिने सावकाश, एक-एक घोट करत संपवला आणि पेला त्याच्या हातात दिला. त्याचा हात मात्र सोडला नाही. "उद्याही करा. आपल्याच मिक्सरमध्ये. आणि गिऱ्हाईकाचा तेवढा परत देऊन टाका."

"देतो," तो म्हणाला.

दुसऱ्या हाताने त्याने खिशातला नवा कपलर मुठीत घट्ट धरून ठेवला होता.