पुढच्या दांड्यावरची सीट

पूर्वीचा नवरा सायकल ढकलत दुकानात आला तेव्हा ती पंक्चर काढत होती. त्याच्या कडेवर दुसऱ्या लग्नाची मुलगी होती, हँडलला लहान मुलांची सीट अडकवलेली. "ही पुढच्या दांड्यावर बसवून दे. खात्रीचं काम तुझंच," तो हसला. ती जळफळली. तापलेल्या पृथ्वीवर आणखी एक जीव कशाला आणायचा, असं हाच तिला बारा वर्षं ऐकवत होता आणि ती मान डोलावत होती. आता तिची पंचेचाळिशी उलटली आणि याच्या खांद्यावर पोरीची लाळ गळत होती. "पेट्रोलची गाडी मात्र नाही घेतली आम्ही," तो म्हणाला. तिनं दातओठ खात नट आवळले, सीट गदागदा हलवली. पोरीनं तिचं ग्रीसनं माखलेलं बोट मुठीत धरलं. "ही मोठी होईपर्यंत टिकेल ना?" त्यानं विचारलं. "सीट टिकेल," ती म्हणाली. "पृथ्वीचं काय ते तूच सांगायचास."