चाळीस ठिपके

"या सायकलची घंटी सोडून सगळं वाजतं," राखणदार म्हणाला, "पण तुम्हाला पाडणार नाही."

सायकल त्याच्या मुलीची. ती शहरातल्या रोपवाटिकेत कामाला लागल्यापासून भिंतीला टेकून धूळ खात होती. पाहणीवाल्या बाईंनी टायर दाबून पाहिले आणि पांढऱ्या रंगाचा डबा पुढच्या टोपलीत ठेवला. त्यांनी आणलेलं शिक्क्याचं पत्र राखणदारानं दोनदा वाचलं होतं. जुन्या निवडुंगांची नोंद करायची, प्रत्येकाला खुणेचा ठिपका द्यायचा. चाळीस झाडं, आणि परतीची बस चारची. एवढं एक काम नीट पार पडलं की बाईंना दोन-तीन वर्षं तरी असल्या थंडीत वणवण करावी लागणार नव्हती.

"चाळीस होतील ना आज?"

"न व्हायला काय झालं? एकेकाला ओळखतो मी." तो स्वतःच्या सायकलवर पायडल मारत म्हणाला. "दोन महिन्यांनी निवृत्त होतोय. सव्वीस वर्षांत इथलं एक झाड चोरीला गेलं नाही. तेवढं तसंच ठेवून घरी जायचंय."

"म्हणून तर तुमच्याकडे आले, काका."

आभाळ स्वच्छ होतं आणि वारं बोचरं. पायवाटेच्या दोन्ही अंगांना काटेच काटे. पहिला निवडुंग रांजणाएवढा होता. बाई उकिडव्या बसल्या, काटे चुकवून बुंध्याशी ठिपका दिला आणि उठल्या. हात सराईत होता. दुसऱ्यालाही तसाच, तिसऱ्यालाही.

"सगळ्यांना याच, उत्तरेच्या बाजूला?" राखणदारानं विचारलं.

"एकाच बाजूला असले की शोधायला सोपे जातात."

"तेही खरंच. वाळायला किती वेळ लागतो?"

"एरवी दहा मिनिटं. या थंडीत तास धरा."

त्यानं मान डोलावली. थोडं पुढे गेल्यावर तो खाली उतरला. "चेन पडली बघा. तुम्ही व्हा पुढे, त्या दुभंगलेल्या खडकाशी दोन आहेत."

मग दिवसभर चेन पडतच राहिली. बाई पुढे, राखणदार मागून धापा टाकत. शेवटी त्यांना हसू आवरेना.

"काका, सायकल बदला आता."

"माझ्याबरोबर तीही निवृत्त होणार आहे."

दुपारी डबे उघडले तेव्हा तो बाजूला जाऊन फोनवर बोलून आला. "मुलगी होती," तो म्हणाला. "जेवलात का, विचारत होती."

"इथवर गाडी येते का हो? मोठी?" बाईंनी सहज विचारलं.

"हिवाळ्यात येते, कोरड्या ओढ्यातून."

बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. राखणदारानं वळणंही नीट समजावून सांगितली. माणूस मोठा मदतीचा होता, आणि असा माणूस भेटला की बाईंचं अर्धं काम तिथंच व्हायचं.

साडेतीनला चाळिसावा ठिपका पडला. थांब्यावर आले तेव्हा रस्त्याच्या टोकाला धूळ उठलेली दिसली. बाईंचा जीव सुखावला.

"वेळेवर आली म्हणायची. बरंय काका, येते मी."

त्यांनी सायकल त्याच्या हाती दिली. त्यानं हँडल धरलं, आणि बाईंचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. दिवसभर चेन बसवणारी ती बोटं. काळं वंगण कुठेच दिसेना. नखांत पांढरा रंग भरला होता.

"मोजायला आलेला माणूस हाताला येईल त्या बाजूला खूण करतो, मॅडम," राखणदार शांतपणे म्हणाला. "उत्तरेची बाजू बघून ठिपका देतात तो झाड उपटायच्या आधी, दुसरीकडे लावताना तोंड बदलून ते उन्हानं करपू नये म्हणून. माझी मुलगी रोज तेच करते. दुपारी तिलाच पोलिसांना कळवायला सांगितलं."

धूळ जवळ आली होती. त्यानं सायकल स्टँडवर लावली.

"आणि ती बस नाही."