तिसरं वर्तुळ

“वहिनी, चित्र वेगळं जोडू नकोस. रेषांचे आकडे पानातच लिही, स्क्रिप्ट, म्हणजे त्यातला छोटा प्रोग्राम, आपोआप घराचा नकाशा काढेल.”

परदेशी जाताना धाकट्या दिराने घरच्या विकीचं, म्हणजे घराची माहिती ठेवायच्या संगणकावरच्या पानांचं, हे काम तिला शिकवलं होतं. आणि आईला एकटं सोडणार नाही, असा शब्दही घेतला होता.

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने नकाशाचं पान उघडलं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक वर्तुळ होतं. सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर, ती स्वयंपाकघरात. आज बाहेरच्या दारात तिसरंही होतं, पण मान वळवून पाहिलं तर दारात कोणीच नव्हतं.

तिने मजकूर तपासला. वर्तुळं दोनच लिहिलेली होती. पान पुन्हा उघडलं, तर तिसरं घरातल्या बोळात आलेलं!

“आई, कोणी आलंय का हो?”

“मला म्हातारीला कोण भेटायला येतंय! तू बस चित्रं काढत.”

तिने स्क्रिप्टच पुसून टाकली. पान कोरं व्हायला हवं होतं, पण नकाशा तसाच उमटला. तिसरं वर्तुळ पलंगाला टेकलं होतं.

आतून सासूबाई हसल्या. “अगं बाई, हात किती गार तुझे! जरा सरकून बस.”

बाहेरचं दार हाताच्या अंतरावर होतं. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि पाय न वाजवता आतल्या खोलीकडे निघाली.