हृदयाची गोळी

ज्याचे आपण अन्नदाते होतो, त्याच्या प्राणांचेही विश्वस्त होतो. हे दुसरे पद मात्र सोयीने विसरले जाते.

निवृत्त न्यायाधीशांना हृदयविकार होता. रोज सकाळी गजर झाला की त्यांचा कुत्रा, लाडाने ‘दिवाणजी’, त्यांच्या गोळ्यांची डबी तोंडात धरून आणी. हे कौतुक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवीत.

“अहो, डास चावले की कुत्र्यांच्या हृदयात जंत होतात म्हणे,” पत्नी म्हणाली. “डॉक्टरांनी महिन्याला एक गोळी द्यायला सांगितलीय त्याला.”

“अगं, दिवसभर घरात लोळणाऱ्याला कसले डास? उगाच मुक्या जिवाच्या पोटात औषधं कशाला कोंबायची?”

पुढे दिवाणजी खोकू लागले, जिना चढताना धापा टाकू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “हृदयात जंत झालेत, आणि फार उशीर झालाय. आता याला जागचं हलू देऊ नका.”

दुसऱ्या सकाळी गजर झाला. दिवाणजी थांबत थांबत डबी घेऊन आले, ती धन्याच्या हाती दिली आणि त्यांच्या पायांशी आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत.



ईश्वर दिवाणजींना शांती देवो, आणि न्यायाधीशांना उदंड आयुष्य. त्याची तजवीज दिवाणजी करूनच गेले आहेत.