पाठीवरचा ठिपका

बाबांचा भुंगेरा नव्या जातीचा ठरत होता तो पाठीवरच्या एका काळ्या ठिपक्यामुळे. सहाही नमुन्यांवर तो सापडला, म्हणून स्वारी सकाळपासून भलतीच खुशीत होती. लेख संध्याकाळी छापायला जायचा होता. त्याआधी एकदा तपासावं म्हणून लेकीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सहांपैकी एकाच्याही पाठीवर ठिपका नव्हता.

"दिसला ना?" बाबांनी विचारलं.

कपाटातून एक जुनी डबी काढून तिने त्यातला भुंगेरा भिंगाखाली ठेवला. "बाबा, हा सातवा. जरा बघता?"

बाबा वाकले. "अगं, याचा तर सगळ्यांत ठळक! कुठे दडवून ठेवला होतास?"

तिने डबीवरची चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. अक्षर त्यांचंच, तीस वर्षांपूर्वीचं: 'पाठ कोरी. एकही ठिपका नाही. हीच या जातीची ओळख.'

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग मान वर करून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"तिथेही आहे गं," ते म्हणाले.